डावीकडचे जीव

काकाजींच्या गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला काम असे. नुसतं बसून प्रवास करणारा माणूस त्यांना पटत नसे. पुढे बसणाऱ्याने डावीकडचे जीव पाहायचे. मागे डाव्या खिडकीशी बसणाऱ्याने झाडावरून उतरणाऱ्या खारी पाहायच्या, उजव्या खिडकीवाल्याने शेताच्या बांध-धुऱ्यावरून येणारी मुंगसं. मधे कोणी अडकून बसला असेल तर त्याने आकाश सांभाळायचं, म्हणजे रस्त्यावर दाणे टिपायला उतरणारे होले आणि चिमण्या. समोरच्या जमिनीवरचे सरडे आणि किडामुंगी काकाजी स्वतः बघत. समोरून येणारे ट्रक बघायचं काम मात्र कोणाकडेच नव्हतं.

मी एकदा ही गोष्ट त्यांच्या लक्षात आणून दिली. तेव्हा मी बारावीत होते आणि पुढेही जगायची इच्छा बाळगून होते. काकाजींनी रस्त्यावरची नजर पूर्ण काढून माझ्याकडे वळवली आणि शांतपणे समजावलं, "ट्रकवाल्याले डोये हायेत, पोरी. सरकारनं तपासून त्याले लायसन देल्लं हाय. तो पाहून घेते आपल्याले. सरड्याले कोनं लायसन देल्लं?" ट्रकवाल्याने खरोखरच आम्हाला पाहून घेतलं. करकचून ब्रेक लावून तो खाली उतरला आणि जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. काकाजींनी हात जोडून सगळं ऐकलं आणि तो थकल्यावर आपल्या तांब्यातलं पाणी त्याला पाजलं.

कामरगावात आमची बौद्धांची वस्ती जिथे संपते आणि बाजाराची गल्ली सुरू होते, त्या हद्दीवर काकाजींचं किराणा दुकान होतं. आमच्या दारातून त्यांचा गल्ला दिसायचा आणि त्यांच्या गल्ल्यावरून आमची चूल. गावात जैनांची चार-पाच घरं, त्यात काकाजी सगळ्यांत कडक. जमिनीखाली उगवलेलं काही खायचं नाही, दिवस मावळल्यावर पाणीसुद्धा घ्यायचं नाही, चालताना नजर पायाखाली. असा माणूस जन्मभर पायी चालला असता तर कोणाचं काही बिघडलं नसतं. पण पन्नाशी उलटल्यावर पुण्याच्या मुलाने आपली जुनी पांढरी गाडी बापाला आणून दिली आणि वाशीम जिल्ह्याच्या रस्त्यांवर अहिंसा सुरू झाली.

ते हॉर्न वाजवत नसत, कारण पाखरं दचकतात. त्याऐवजी खिडकीतून डोकं बाहेर काढून ते "सरक बाबा, सरक माय" असं म्हणत. ही विनंती समोरच्या बसलाही तेवढ्याच आवाजात केली जाई. दिवे लावत नसत, कारण उजेडावर किडे झेप घेतात. म्हणून अंधारून आलं की त्यांची गाडी पांढरी होती एवढाच काय तो लोकांना आधार. चातुर्मासात जमिनीवर जीवच जीव असतात, म्हणून ते चार महिने गाडी कडुनिंबाखाली झाकून ठेवलेली असायची. थोडक्यात, काकाजींचा धोका हंगामी होता. दिवाळीनंतर तो सुरू व्हायचा, लग्नसराईत ऐन भरात यायचा आणि मृग लागला की संपायचा.

दिवाळीनंतर गाडी बाहेर काढणं हासुद्धा एक विधी होता. एका वर्षी डिकीत मुंग्यांनी घर केलं. काकाजींनी साखर घातलेल्या कणकेची रेघ डिकीतून खाली, तिथून कडुनिंबाच्या बुंध्यापर्यंत ओढली आणि मुंग्यांनी स्थलांतर करावं म्हणून दोन दिवस वाट पाहिली. मुंग्या कणीक खाऊन परत डिकीत जायच्या. तिसऱ्या दिवशी काकाजी आम्हाला म्हणाले, "त्याइले जागा आवडली हाय. राहू द्या." त्या वर्षी डिकी उघडायला मनाई होती आणि आम्ही सगळे सामान मांडीवर घेऊन बसायचो.

सकाळचे काकाजी आणि संध्याकाळचे काकाजी हे दोन वेगळे ड्रायव्हर होते. सकाळी ते इतके सावकाश चालवत की कारंज्याचे पंचवीस किलोमीटर काटायला सव्वा तास लागे. संध्याकाळी मात्र सूर्यास्ताच्या दोन घटका आधी त्यांना जेवून उठायचं असे. कारंज्याहून कामरगावला येताना सूर्य पाठीमागे असतो, म्हणून त्यांनी गाडीतला आरसा असा फिरवून ठेवला होता की त्यात मागची वाहनं नाही, सूर्य दिसावा. एक डोळा आरशात, एक डोळा खारींवर आणि पाय तळापर्यंत दाबलेला. "थांब बाप्पा, थांब, आलोच," असं ते म्हणत. मला आधी वाटायचं की हे एखाद्या म्हाताऱ्या माणसाला रस्त्यातून सरकायला सांगतायत. ते सूर्याशी बोलत असत.

त्या वेगात एखादी खार आडवी आली की गाडी पहिल्यांदा उजवीकडे, मग डावीकडे आणि मग बहुतेक वेळा कोणाच्या तरी तुरीत जायची. एकदा कारंज्याच्या फाट्यावर पोलिसाने हे पाहिलं. त्याने गाडी थांबवून विचारलं, "काकाजी, नागमोडी काहून चालवून राह्यले? घेतली हाय काय?"

"साहेब, मी पानी बी गाळून पितो," काकाजी म्हणाले.

पोलिसाने तोंडाजवळ नाक नेऊन खात्री करून घेतली. ओव्याचा वास आला. दिवसभर हा बिचारा उन्हात उभा आहे हे पाहून काकाजींनीच त्याला पुढच्या गावापर्यंत सोडायची तयारी दाखवली. जागा मधलीच शिल्लक होती, म्हणून त्याच्याकडे आकाश आलं. तीन किलोमीटर गेल्यावर दोन होले उतरले, ते पोलिसाने पाहिलेच नाहीत कारण त्याने डोळे मिटून घेतले होते. गाडी तुरीतून बाहेर आल्याबरोबर "मी जातो पायी" म्हणून तो उतरला. काकाजी नंतर कितीतरी दिवस सांगायचे की पोलिसखात्यात आता पूर्वीसारखी नजर राहिलेली नाही.

या सगळ्यात खरं नुकसान झालं ते शंकरभाऊंचं. शंकरभाऊ दूधवाले. फटफटीला दोन्ही बाजूंनी कॅन लावून ते सकाळ-संध्याकाळ त्याच रस्त्याने यायचे. काकाजींनी त्यांना दोनदा नालीत घातलं, एकदा होल्यापायी आणि एकदा सरड्यापायी. दोन्ही वेळा काकाजी खाली उतरले, शंकरभाऊंना आधी बाहेर काढलं, मग कॅन काढले, गुडघ्याला हळद दाबली आणि आपल्या गाडीतून डॉक्टरकडे नेलं. शंकरभाऊ कण्हत होते आणि त्यांनाही डावीकडचे जीव पाहावे लागत होते. काकाजी समजूत घालत होते, "शंकर, तुह्यासाठी दवाखाना हाय रे बाप्पा. खारीसाठी कोनता दवाखाना हाय, सांग बरं?"

"काकाजी, मी शेपूट लावून घेऊ काय?" शंकरभाऊ म्हणाले. "मंग तं थांबसान?"

माझे बाबा शाळेत शिपाई होते. घंटा मिनिटाला मिनिट देणारा माणूस. संध्याकाळी ते काकाजींच्या ओट्यावर बसायचे आणि त्यांचे तेच तेच वाद चालायचे. शंकरभाऊ दुसऱ्यांदा नालीत पडले तेव्हा बाबा म्हणाले, "पहिलं शील तं आमचंबी तेच हाय, काकाजी. जीव माराचा नाई. पन आमी त्यात मानसाले बी धरतो."

दोन दिवस विचार करून तिसऱ्या दिवशी काकाजी आमच्या दारात आले आणि म्हणाले, "बाबुराव, मानूस धरला तं यादी लय मोठी होते." आणि गंभीर चेहऱ्याने परत दुकानात गेले. त्यांनी हा विनोद केला नव्हता. त्यांचा हिशेब साधा होता. ज्याला ओरडता येत नाही, तक्रार करता येत नाही, त्याची काळजी आधी. वीस वर्षांत आपल्या चाकाखाली एकही जीव गेला नाही, हे ते अभिमानाने नाही, भीत भीत सांगायचे. एखाद्याने काचेचं भांडं इतकी वर्षं सांभाळलं असेल आणि आता ते कोणाच्या हाती द्यायची सोय नसेल, तसे.

आता पाण्याचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या पाण्याने घडवलं. ती गाडी उन्हाळ्यात तापायची. दर चाळीस-पन्नास किलोमीटरवर बॉनेटमधून वाफा यायच्या आणि रेडिएटरमध्ये पाणी घालावं लागायचं. काकाजी तेही गाळून घालत. "आत पानी उकळते. बिनगाळलेलं टाकलं तं त्यातले जीव शिजतीन नाई काय?" विहीर बघायची, पाणी शेंदायचं, दुहेरी कापडातून गाळायचं. कापडावर जे उरतं त्याला जीवाणी म्हणतात. डोळ्याला त्यात काही दिसत नाही, पण जीव असतात आणि ते ज्या विहिरीतले त्याच विहिरीत परत सोडावे लागतात. वरून टाकून द्यायचे नाहीत, त्यांना इजा होईल. त्यासाठी काकाजींकडे तळाला कडी असलेला एक पितळी डबा होता. तो दोरीने असा सोडायचा की पाण्याला टेकल्यावरच पालथा होतो. एवढं सगळं होईस्तोवर मे महिन्याच्या उन्हात आम्ही बाभळीच्या सावलीला उभे असायचो. बाभळीला सावली असते असं मानणाऱ्यांपैकी आम्ही होतो.

मी नर्सिंगचा कोर्स केला होता. आरोग्य सेविकेच्या भरतीत दोनदा थोडक्यात हुकले होते. तिसऱ्या वेळी प्रतीक्षा यादीत नाव आलं आणि एका चैत्रात वाशीमला कागदपत्रं तपासायला बोलावल्याचं पत्र आलं. दुपारी बारापर्यंत हजर न झाल्यास हक्क राहणार नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. वयाच्या अटीत बसायची माझी ती शेवटची वेळ होती. मामा म्हणायचा, सरड्याची धाव कुंपणापर्यंत, आता लग्न करून टाका हिचं. बाबांनी माझे सगळे दाखले प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ती पिशवी रात्रभर उशाशी ठेवली होती.

आम्ही पत्र नीट वाचलं, पण पंचांग वाचलं नाही. तपासणीच्या दुसऱ्याच दिवशी पोहरादेवीची यात्रा होती, म्हणजे गर्दी आदल्या दिवसापासून. सकाळी सहाला स्टँडवर गेले तर जिल्ह्यातल्या झाडून सगळ्या जीपगाड्या पोहरादेवीकडे निघालेल्या. टपावर माणसं, मागच्या शिडीवर माणसं. कारंज्याची पहिली बस आलीच नाही, दुसरी भरून न थांबता गेली. आठ वाजले. मी रडत घरी आले आणि समोर दुकानाची फळी उघडत काकाजी उभे होते. त्यांनी विचारलं, बाबांनी सांगितलं आणि काकाजींनी फळी परत लावली. "बस गाडीत," ते म्हणाले. आईने मला पोटाशी धरलं तेव्हा ती नोकरीसाठी रडते आहे की गाडीसाठी, हे मला कळलं नाही.

कारंजा यायला सव्वानऊ झाले. मी डावीकडचे जीव पाहत होते आणि मधूनमधून मोबाईलवरचं घड्याळ. मंगरूळपीर मागे टाकलं तेव्हा साडेदहा झाले होते आणि तिथून थोडं पुढे गाडीतून वाफा आल्या. विहीर जवळ होती. काकाजींनी शेंदलं, गाळलं, रेडिएटरमध्ये ओतलं. मी सामान आवरत होते. घाईत मी डबा, दोरी आणि ते ओलं कापड असं सगळं उचललं आणि पायाशी ठेवून दिलं. काकाजी बॉनेट लावत होते. त्यांना वाटलं मी जीवाणी सोडली.

पाच-सहा किलोमीटर गेल्यावर त्यांनी सहज विचारलं, "जीवाणी सोडली नं, पोरी?"

हो म्हणायला एक अक्षर लागत होतं. वाशीम समोर होतं, वेळ होता, आणि कापडात काय आहे ते ना मला दिसत होतं ना त्यांना. पण त्या माणसाशी खोटं बोलणं म्हणजे दुधाच्या दाताच्या पोराला फसवण्यासारखं होतं. मी म्हणाले, "नाई, काकाजी."

त्यांनी मागे न पाहता, पुढे न पाहता, भर रस्त्यात गाडी वळवली. एक टेम्पो आमच्या दरवाजाला हात लावून थांबला असेल. "कापड ओलं हाय काय?" त्यांनी विचारलं. ओलं होतं. "मांडीवर घे. ऊन लागू देऊ नको." मी ते कापड दोन्ही हातांच्या ओंजळीत धरून ओढणीची सावली केली आणि माझी नोकरी मागे मागे जाताना पाहत बसले. मला त्या क्षणी काकाजींचा इतका राग आला होता की तो सांगता यायचा नाही. त्या कापडातल्या न दिसणाऱ्या सगळ्या जिवांचाही आला होता.

विहिरीवर त्यांनी ते कापड गाळलेल्या पाण्याने डब्यात धुतलं आणि डबा हळूच सोडला. पाण्याला टेकला, पालथा झाला, वर आला. मग त्यांनी माझ्या मोबाईलकडे पाहिलं. अकरा वाजून पाच मिनिटं. वाशीम पस्तीस-चाळीस किलोमीटर. ते गाडीत बसले, आरसा हाताने सरळ केला, त्यात मागचा रस्ता दिसायला लागला, आणि मला म्हणाले, "आज डावीकडं पाहू नको. आज कोनीच काई पाहाचं नाई. फक्त रस्ता."

आणि काकाजींनी गाडी जशी चालवायला हवी तशी चालवली. आपल्या बाजूने, सरळ, वळणावर हॉर्न देऊन. तो हॉर्न ऐकून मी दचकले, कारण त्या गाडीला हॉर्न आहे हेच मला माहीत नव्हतं. एक खार आडवी गेली, वाचली. होले उडाले. काकाजींचे ओठ हलत होते. वाशीम दहा-बारा किलोमीटर राहिलं असेल आणि एक सरडा रस्त्याच्या मधोमध येऊन थांबला. थांबला आणि मान हलवायला लागला. उजवीकडून फटफटीवर नवरा-बायको येत होते, दोघांच्या मधे लेकरू. काकाजींचे हात चाकावर आवळले गेले, पण चाक फिरलं नाही. आवाज काहीच आला नाही. मग ते म्हणाले, "किती वाजले?"

मी बाराला चार मिनिटं कमी असताना आत शिरले. तीन वाजता शिक्का मारलेला कागद घेऊन बाहेर आले तेव्हा काकाजी गाडीत तसेच बसून होते. काकीजींनी दिलेला जेवणाचा डबा उघडला नव्हता. "झालं?" त्यांनी विचारलं. "झालं," मी म्हणाले. "बरं झालं," ते म्हणाले, आणि त्यांना ते खरंच बरं वाटलं होतं.

परत येताना त्यांनी नेमक्या त्या जागी गाडी थांबवली. सरडा तिथेच होता. त्यांनी कडुनिंबाची डहाळी तोडून त्याला तिच्यावर घेतलं, कुंपणाच्या पलीकडे झुडपाखाली ठेवलं आणि उभ्याने णमोकार मंत्र म्हटला. मी म्हणाले, "माह्यामुळं झालं, काकाजी." त्यांनी मान हलवली. "तुह्यामुळं नाई. दिसत नव्हते त्याइले वाचवलं, पोरी, आन् दिसला त्याले मारलं." मग पूर्ण रस्ताभर आरसा सरळच राहिला. सूर्य कधी मावळला ते त्यांनी पाहिलं नाही. काकीजी ताट वाढून दारात उभ्या होत्या. आम्ही पोचलो तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. ते ताट तसंच उचलून ठेवलं गेलं.

आमच्या घरी पेढे आले, मामा पहिल्यांदा माझ्याशी आदराने बोलला. मी मात्र दारातून समोर पाहत होते. बाबा त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले. काकाजी म्हणाले, "बाबुराव, आज मानसाले बी धरलं." बाबांनी त्यांच्या हातावर हात ठेवला. काकाजी पुढे म्हणाले, "पन दोनी धरता येत नाईत मले. माह्या हातात गाडी आली का कोनीतरी सुटतेच."

त्या चातुर्मासात कारंज्याला मुनीमहाराज आले होते. काकाजी कामरगावाहून पायी गेले, दोन दिवस लावून, आणि महाराजांसमोर त्यांनी वाहनाच्या त्यागाचा नियम घेतला. जन्मभर कोणत्याही चाकावर बसायचं नाही. परत पायीच आले. गावात उघड आनंद कोणी दाखवला नाही, पण शंकरभाऊंनी त्या दिवशी सगळ्यांना मापापेक्षा जरा जास्तच दूध घातलं. गाडी कडुनिंबाखालीच राहिली. आता तिच्या डिकीत मुंग्या, बॉनेटमध्ये चिमण्या आणि मागच्या सीटवर दरवर्षी मांजरीची पिल्लं.

माझी नेमणूक रिसोडकडच्या एका उपकेंद्रात झाली. मी स्कूटी घेतली. रजेवर येताना ती बसच्या टपावर टाकता येत नाही म्हणून सगळा रस्ता चालवतच यायचे. मागच्या उन्हाळ्यात अशीच येत होते, तर कारंजा सोडल्यावर रस्त्याच्या कडेने एक छत्री चाललेली दिसली. खाली अनवाणी काकाजी. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस, अंगावर घामाने भिजलेलं धोतर, नजर पायाखाली. मी थांबून म्हणाले, "बसा नं, काकाजी. हळू नेते."

"सोडलं नं, पोरी," ते म्हणाले. मी गाडी बंद करून त्यांच्याबरोबर ढकलत चालायला लागले. पेशंटांची चौकशी झाली, बाबांच्या गुडघ्यांची झाली. मग ते स्कूटीकडे पाहून म्हणाले, "याच्यात डावीकडं कोन पाह्यते?"

"कोनी नाई. मी एकटीच."

"मंग हळू चालव," ते म्हणाले, आणि मला वाट द्यायला रस्त्याच्या खाली उतरले. उतरण्याआधी त्यांनी पाय कुठे ठेवायचा ते वाकून पाहून घेतलं.

ते भाद्रपदात गेले. पुण्याचा मुलगा आला. स्मशान गावापासून दीड किलोमीटर, चिखल झालेला, माणसं थकलेली. त्याने समजूतदारपणे कारंज्याहून शववाहिनी बोलावली. ती गल्लीच्या तोंडाशी येऊन उभीही राहिली. तेव्हा शंकरभाऊ पुढे झाले. त्या गुडघ्यामुळे अजूनही लंगडतात ते. म्हणाले, "काकाजीनं वाहन सोडलं व्हतं. आता त्याइले इचारता येत नाई म्हून बसवता काय?" मुलाने ड्रायव्हरला जा म्हणून हाताने खूण केली. शववाहिनी रिकामी परत गेली आणि पुढचा डावा खांदा शंकरभाऊंनी दिला.

त्यांच्यात बाया स्मशानात जात नाहीत, आमच्यात जातात. मी निघाले आणि मला कोणी अडवलं नाही. रस्ता ओला, त्यावर गोगलगायी, पैसे किडे आणि मुंग्यांच्या रांगा. पन्नास पावलं गेलो असू, शंकरभाऊ थबकले. मला म्हणाले, "ताई, तुमी डावीकडं पाहा." मग कोणीतरी आपण होऊन उजवीकडे आलं. बाबा काठी टेकत सगळ्यांच्या पुढे झाले आणि समोरची जमीन पाहू लागले. मी "मुंग्या" म्हटलं की तिरडी उजवीकडे वळायची, पलीकडून "गोगलगाय" आलं की डावीकडे. असे आम्ही भर डांबरी रस्त्यावरून नागमोडी चाललो होतो, आणि मी रडत होते, आणि मला हसूही येत होतं.

मागून एक ट्रक आला आणि जोराने हॉर्न द्यायला लागला. माणसं गोंधळून बाजूला व्हायला लागली. शंकरभाऊंनी खांदा हलू दिला नाही, मागे वळूनही पाहिलं नाही.

"चाला तुमी," ते म्हणाले. "त्याले डोये हायेत."